अल्बुकर्क बलून फिएस्टा: आरव्ही न्यावी की हॉटेल बरं?

ताकभात
मंडळी, सल्ला हवाय. आम्ही डॅलसला असतो. आई-बाबा ऑगस्टमध्ये नाशिकहून येतायत ते नोव्हेंबरपर्यंत. बाबांना कुणीतरी व्हॉट्सअॅपवर न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कच्या, माणसं घेऊन उडणाऱ्या गरम हवेच्या फुग्यांचा व्हिडिओ पाठवला. तेव्हापासून दर रविवारच्या फोनवर तब्येतीच्याही आधी विचारतात, "त्या फुग्यांचं काय ठरलं?"

यंदा फिएस्टा, म्हणजे तो फुग्यांचा महोत्सव, ३ ते ११ ऑक्टोबर २०२६. आम्ही सहा जण: आम्ही दोघं, आई-बाबा, मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सहाची. नवऱ्याच्या डोक्यात आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेण्याचं खूळ आहे. मी आजवर चालवलेलं सगळ्यात मोठं वाहन म्हणजे मिनीव्हॅन, आणि तीही एकदा गॅरेजच्या खांबाला घासली आहे. बाबांचा उजवा गुडघा कुरकुरतो. आईला रात्री दोनदा उठावं लागतं. अशा वरातीने आरव्हीत राहावं का? किती दिवस? बघायला मिळेल याची खात्री किती?

आणि हो, आईने कालनिर्णय उघडून दाखवलंय की तेव्हा पितृपक्ष आहे. "पितृपक्षात कसलं हुंदडायचं?" याचं उत्तर मला सुचलेलं नाही.

गवतीचहा
आरव्ही. डोळे मिटून आरव्ही.

सुपारीफुटी
डोळे उघडे ठेवूनच चालवा हो, पंचवीस फुटी धूड आहे ते.

डोंगरवारा
डेन्वरहून तीनदा गेलोय, दोनदा आरव्हीने आणि एकदा हॉटेलात राहून, त्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे.

हॉटेलातली सकाळ अशी जाते: तीनला गजर, चारच्या आत गाडीत, मग आय-२५ महामार्गावर लाल दिव्यांची रांग. पार्किंग मिळालं की अंधारात गेटापर्यंत पायपीट. कडेवर पेंगणारं पोर, दुसऱ्या हातात घोंगडी. आणि एवढं करून बातमी येते की वारा आहे, लाल झेंडा, आज उड्डाण नाही. पायलट लोकांनी टोपल्या ट्रेलरवरून उतरवलेल्याही नसतात. आमच्या हॉटेलवाल्या वर्षी दोन सकाळी हाताशी होत्या आणि दोन्ही अशाच गेल्या. बायको परतीच्या पूर्ण प्रवासात एक वाक्य बोलली. ते इथे लिहीत नाही.

आरव्हीत असलात तर लाल झेंडा म्हणजे चहा टाकायचा आणि परत रजईत शिरायचं. हाच काय तो फरक, पण तो फार मोठा आहे.

तेव्हा ताकभात, तुमच्या "खात्री किती" या प्रश्नाला एकच उत्तर: निदान तीन सकाळी हातात ठेवा. जमलं तर त्यात गुरुवार-शुक्रवार धरा, कारण तेव्हा स्पेशल शेप्स, म्हणजे चित्रविचित्र आकारांचे फुगे असतात. गाय, घोडागाडी, डार्थ व्हेडरचं मुंडकं, हातात हात घालून उडणाऱ्या मधमाशा. मुलीसाठी तेच खरं. शनिवार-रविवारचं सामूहिक उड्डाण भव्य असतं, पण गर्दीही तेवढीच भव्य.

जागेचं बुकिंग मात्र आजच बघा. उन्हाळ्यात बघू म्हणाल तर फुगे यूट्यूबवर बघाल.

उंटावरून_शेळ्या
सगळे आरव्हीचे भाट जमलेत, म्हणून उलट बाजू मांडतो.

तिथले बहुतेक आरव्ही लॉट म्हणजे उघडं मैदान. वीज नाही, पाण्याचा नळ नाही, गटाराची जोडणी नाही. याला ड्राय कॅम्पिंग म्हणतात. मराठीत सांगायचं तर टाकीत आणलं तेवढंच पाणी आणि टाकीत मावेल तेवढीच... असो. सहा माणसं, त्यात रात्री दोनदा उठणारी आई, यांच्यासाठी गणित मांडून बघा. भाड्याच्या मध्यम आरव्हीत चांगलं पाणी ३०-४० गॅलन. ते सहा जणांनी घरच्या सवयीने वापरलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी खडखडाट.

माझा अनुभव असा. भाड्याची गाडी घेताना कंपनीच्या माणसाने दहा मिनिटांत सगळं दाखवलं आणि मीही जाणत्यासारखी मान हलवली. परतीच्या वाटेवर डम्प स्टेशनला (टाक्या रिकाम्या करायची जागा) ब्लॅक टँकचा, म्हणजे संडासाच्या टाकीचा पाइप जोडला, झडप उघडली, आणि कळलं की पाइपाचं तोंड फिरवून खटकन बसवायचं असतं. ते मी नुसतं टेकवलं होतं. माझे बूट अजून त्या डम्प स्टेशनच्या कचरापेटीत असतील.

सुपारीफुटी
बूट गेले, आयडी मात्र शोभून दिसतोय.

गवतीचहा
@उंटावरून_शेळ्या, अहो पण मैदानात पाणी भरून देणाऱ्या आणि टाकी उपसून नेणाऱ्या गाड्या फिरतात की! पैसे पडतात, पण बूट वाचतात. आम्ही दोनच नियम केले होते. भांडी शक्यतो कागदाची, आणि आंघोळ एक दिवसाआड. पुरुषमंडळींनी दुसरा नियम इतक्या आनंदाने पाळला की चौथ्या दिवशी मला तो मागे घ्यावा लागला.

वातकुक्कुट
मी अल्बुकर्कमध्येच राहतो, आणि गेली काही वर्षं फिएस्टात एका पायलटच्या चेस क्रूमध्ये फुकट राबतो. म्हणजे फुगा वर गेला की आम्ही पिकअप घेऊन खालून त्याच्या मागे धावायचं, आणि तो उतरेल तिथे पोचून घडी घालायची. कधी शाळेच्या मैदानात, कधी कुणाच्या परसात. एकदा एका काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींपासून हातभर अंतरावर उतरलो. काकू कॉफी घेऊन बाहेर आल्या. इथल्या लोकांना सवय आहे.

वाऱ्याबद्दल थोडं सांगतो, कारण बाबांना ते नक्की आवडेल. फुग्याला सुकाणू नसतं. पायलटच्या हातात फक्त वर जाणं आणि खाली येणं. पण वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेला वाहतो, आणि इथे त्याची मजा आहे. रात्रभर गार होऊन जड झालेली हवा रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातून उताराला लागते आणि दक्षिणेकडे सरकते. तिच्या वरच्या थरात वारा नेमका उलटा, उत्तरेला. पूर्वेकडे सांदिया डोंगराची भिंत. म्हणून पायलट आधी खालून दक्षिणेला जातो, मग बर्नर मारून वर चढतो आणि वरच्या वाऱ्यावर बसून परत येतो. जमून आलं तर जिथून उडाला त्याच मैदानात उतरतो. याला 'अल्बुकर्क बॉक्स' म्हणतात. ऊन चढलं, जमीन तापली की बॉक्स मोडतो. म्हणून सगळा कारभार पहाटेचा. रोज बॉक्स मिळतोच असं नाही, पण मिळाला तर एकच फुगा तुमच्या डोक्यावरून दोनदा जातो.

पण पहाटेची गार हवा आणखी एका कारणाने हवी. आतली आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात जितकी तफावत, तितकी उचल जास्त. आत साधारण १०० अंश सेल्सियस, बाहेर ५. भर दुपारी तेवढंच वजन उचलायला जास्त गॅस जाळावा लागेल.

ताकभात
बाबांना हे वाचून दाखवलं. त्यांनी वहीत आकृती काढली आहे. बाबा निवृत्त आयटीआय शिक्षक, आता विचारतायत की मैदानात जवळ जाऊ देतात का, की दोरीमागून बघायचं?

वातकुक्कुट
अगदी जवळ! फिएस्टाची खरी गंमतच ती. तिकीट काढलेला माणूस थेट उड्डाणाच्या मैदानात फिरतो. आधी जमिनीवर पसरलेलं भलंथोरलं कापड, त्यात पंख्याने थंड हवा भरतात, ते मांडवासारखं फुगत जातं. मग बर्नरचा फर्रर्र, आणि चेहऱ्यावर गरम झोत. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे कपडे घातलेले लोक शिट्ट्या मारत फिरतात, त्यांना झेब्रा म्हणतात. तुमच्यापुढचा फुगा कधी सोडायचा ते त्यांच्या हातात. झेब्रा शिट्टी मारून लोकांना मागे सारतो, अंगठा वर करतो, आणि घराएवढी वस्तू आवाज न करता निघून जाते. बाबांना सांगा, बर्नरकडे बघून पायलटला प्रश्न विचारायचे. वेळ असेल तर भरभरून बोलतात.

मुलांना सांगा, पायलटांकडे आपापल्या फुग्याची चित्रं असलेली कार्डं असतात, ती मागून जमवायची. आम्ही लहानपणी काड्यापेटीचे छाप जमवायचो तसंच.

पुण्याचा_पेठकर
फुगे बघायला साडेसहाशे मैल जाणार, शेतात गाडी लावून तीन दिवस विनापाण्याचे राहणार, पहाटे थंडीत कुडकुडणार आणि वारा आला तर न बघताच परत येणार. याचे पैसेही तुम्हीच भरणार. उत्तम.

डोंगरवारा
पेठकर, आपल्याकडेही लाखो लोक पायी जातात, माळावर राहुट्या टाकतात, टँकरच्या पाण्यावर आंघोळ करतात, आणि पुष्कळांना कळसाचंच दर्शन होतं. थट्टा नाही करत. आरव्ही लॉटमध्ये संध्याकाळी फिरलात की वारीच्या तळाची आठवण येतेच. दरवर्षी एकत्र येणारे गट आहेत, त्यांच्या जागा ठरलेल्या, त्यांचे झेंडे ठरलेले. कुणाकडे पाना नसला तर चार जण धावतात.

पुण्याचा_पेठकर
विठ्ठलाला लाल झेंडा लागत नाही. बाकी मान्य.

हळदीचंपान
स्वयंपाकाचं कुणी बोलतच नाहीये!! अल्बुकर्क पाच हजार फुटांच्या वर आहे. तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. पहिल्या वर्षी मी पातेल्यात तुरीची डाळ लावली ती लावली. बोटचेपी होईना. कुकर न्याच, आणि साधा शिट्टीचा न्या. विजेचा कुकर बॅटरीवर चालत नाही, त्याला जनरेटर लागतो, आणि तो कधी लावायचा याच्या वेळा ठरलेल्या असतात. मायक्रोवेव्हचंही तेच.

एक गंमत: संध्याकाळी खिचडीची पहिली शिट्टी झाली आणि शेजारच्या ट्रेलरमधले आजोबा खुर्ची टाकून धावत बाहेर आले. त्यांना वाटलं आमचा प्रोपेन गळतोय. मग ते जेवूनच गेले. गेल्या वर्षी कोजागरीही फिएस्टातच आली होती. त्यांनी मसाला दूध दोन कप घेतलं आणि तिसऱ्यांदा कप पुढे केला.

उंटावरून_शेळ्या
बाहेरचं खाणंही चांगलं आहे तिथे. मैदानावर पहाटे पाचला गरम ब्रेकफास्ट बरिटो: अंडं, बटाटा, हिरवी मिरची. न्यू मेक्सिकोत कुठेही गेलात तर विचारणार "रेड ऑर ग्रीन?", म्हणजे लाल मिरचीचा रस्सा की हिरवीचा. दोन्ही हवे असतील तर "ख्रिसमस" म्हणायचं. हा प्रश्न राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, थापा नाहीत. ऑक्टोबरात अजून ठिकठिकाणी लोखंडी पिंपात मिरच्या भाजत असतात. तो वास आला आणि मला थेट आजोळच्या चुलीपाशी भाजलेल्या मिरचीचा ठेचा आठवला. बूट हरवल्याचं दुःख तिथे संपलं.

हळदीचंपान
@उंटावरून_शेळ्या बघा, आलात ना माणसांत!

कवडसा
आम्ही २०२३ ला गेलो होतो. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला फिएस्टाच्या वेळीच कंकणाकृती सूर्यग्रहण आलं. सकाळी फुगे उडाले, आणि साडेदहाच्या पुढे आकाशात बांगडी. उजेड विचित्र झाला, दुपारी काचेला ब्राऊन पेपर लावल्यासारखा. गारठा एकदम वाढला. सगळं मैदान ओरडत होतं. सासूबाईंनी मात्र ग्रहण सुटेपर्यंत कुणाला बरिटोला हात लावू दिला नाही. म्हणून ताकभात, पितृपक्षाचं टेन्शन घेऊ नकोस गं, आम्ही ग्रहण पचवलंय.

ताकभात
कवडसा, हसून हसून पुरेवाट. पण मूळ काळजी आई-बाबांचीच आहे. थंडी, पायऱ्या, झोपायची जागा. कुणी वयस्कर माणसं घेऊन आरव्हीत राहिलंय का?

कवडसा
हो, सासू-सासरे दोघंही होते, सत्तरीचे. सांगते.

क्लास सी घ्या. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ना, ती. तो वरचा पलंग मुलांना, ती तर त्यासाठी भांडतील. मागचा मोठा पलंग आई-बाबांना, संडास बहुधा तिथून चार पावलांवर असतो. तुम्ही दोघं मधल्या टेबलाच्या मोडून केलेल्या पलंगावर. त्यावर तुमच्या पाठीचं काय होईल ते विचारू नका.

पायऱ्या उंच असतात. आम्ही एक रुंद प्लास्टिकची चौकी खाली ठेवायचो, आणि दाराच्या दांड्याला पांढरा रुमाल बांधला होता, अंधारात हात कुठे ठेवायचा ते दिसावं म्हणून. हा रुमाल सगळ्यात कामाची वस्तू ठरली.

थंडीचं म्हणाल तर पहाटे चार-पाच अंश सेल्सियस सहज, दुपारी वीसच्या पुढे. कानटोपी, शाल, हातमोजे आणि दुपारी टोपी. हीटर गॅसवर असला तरी त्याचा पंखा बॅटरी खातो. पहिल्या रात्री आम्ही तो उबदार लावून झोपलो आणि पहाटे बॅटरी बसली. दुसऱ्या रात्रीपासून हीटर कमी आणि गोधड्या जास्त. उंचीमुळे धाप लागते, डोकं दुखतं. पहिला दिवस नुसता बसून काढा, पाणी पाजत राहा. (हो, मग रात्री उठावं लागतं. आहे हे असं आहे.)

लॉटपासून मैदानापर्यंत बस असते. तरी मैदानात चालणं आहेच, गवतावर. घडीची खुर्ची बरोबर ठेवा.

डोंगरवारा
एक भर घालतो. सहा माणसं म्हणजे सहा पट्टे. गाडी बुक करताना सीटबेल्ट मोजून घ्या, झोपायच्या जागा मोजू नका. "स्लीप्स सिक्स" लिहिलेल्या गाडीत पट्टे पाचच असू शकतात. शिवाय मुलीची बूस्टर सीट कुठे बसेल तेही बघा, टेबलाच्या बाकांना कधी नुसता कमरेचाच पट्टा असतो. गाडी चालू असताना वरच्या पलंगावर कुणी नाही. हे मुलांना डॅलसलाच बजावा, अर्ध्या वाटेत अमॅरिलोला सांगून उपयोग नाही.

टेकाडावरचा
डॅलस ते अमॅरिलो ३६५ मैल, तिथून अल्बुकर्क २९०. एका दिवसात ओढू नका, वाऱ्यात आरव्ही शिडासारखी हलते आणि पॅनहँडलमध्ये (टेक्ससचं उत्तरेकडचं टोक) वारा असतोच. अमॅरिलोजवळ पॅलो ड्युरो कॅन्यन स्टेट पार्कमध्ये मुक्काम करा, तिथे वीज-पाणी आहे. ड्राय कॅम्पिंगच्या आधी टाकी भरून, बॅटरी चार्ज करून निघाल. दरी सुंदर आहे, लाल माती थेट पाचगणी-महाबळेश्वरची. गाडीला पेट्रोल मात्र पाजावं लागतं. गॅलनला ८-१० मैल धरा, म्हणजे नुसतं जाऊन-येऊन दीडशे गॅलनच्या आसपास. वर भाड्यात मैलांची मर्यादा असते, ती वाचा.

पेट्रोल पंपावर वळताना आरव्हीचा मागचा भाग बाहेर झुलतो. त्या झुलण्याने मी एक कचऱ्याचा डबा आडवा केला. नवऱ्याला आधी रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर सराव करू द्या. वरची उंची फुटांत लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा.

पुण्याचा_पेठकर
बूट, कचऱ्याचा डबा, बॅटरी. पुढे?

सुपारीफुटी
पुढे व्हाइट सँड्स! इतक्या लांब गेलातच तर दक्षिणेला सव्वादोनशे मैलांवर जिप्समच्या पांढऱ्याशुभ्र टेकड्या. २०१९ मध्ये नॅशनल पार्क झालं. मुलं घसरगुंडी करतील. पण आई-बाबांचे पासपोर्ट जवळ ठेवा, त्या रस्त्यांवर बॉर्डर पेट्रोलची तपासणी नाकी आहेत. आमच्या मावशींचा पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत होता, फोनवरचा फोटो दाखवून सुटलो, पण मावशी पुढचे शंभर मैल देवाचं नाव घेत होत्या.

वातकुक्कुट
वारा आडवा आला तर शहरातच भरपूर आहे. बलून म्युझियम मैदानाला लागूनच. बाबांना तिथे दोन तास सोडा. १९७८ मध्ये बेन अब्रुझो, मॅक्सी अँडरसन आणि लॅरी न्यूमन यांनी हीलियमच्या फुग्यातून अटलांटिक पहिल्यांदा पार केला. त्यातले अब्रुझो आणि अँडरसन इथलेच, म्युझियमला दोघांचं नाव आहे. आणि फिएस्टाची सुरुवात तर १९७२ मध्ये एका मॉलच्या पार्किंगमध्ये, १३ फुग्यांनी. आता पाचशेच्या वर असतात.

मुलांचा संध्याकाळचा ग्लो चुकवू नका. फुगे जमिनीवरच बांधलेले, सगळे एकदम बर्नर पेटवतात. आपल्या दिवाळीत वाड्याच्या चौकात एकच आकाशकंदील असतो ना, तसे शेकडो, चार-चार मजली. लक्षात ठेवा, सकाळचं आणि संध्याकाळचं तिकीट वेगळं. बारा वर्षांपर्यंत मुलं फुकट, म्हणजे तुमची दोन्ही बसतात.

उंटावरून_शेळ्या
बरं, मीही हट्ट सोडतो. पण मधला मार्ग सुचवतो: आरव्हीत तीन रात्री, आणि शेवटची रात्र हॉटेल. गरम पाण्याचा शॉवर, न डुलणारा पलंग, आणि आईच्या रात्रीच्या दोन फेऱ्या उजेडात. त्या रात्रीमुळे घरी जाताना सगळे एकमेकांशी बोलत असतील.

गवतीचहा
हे मात्र शहाणपणाचं बोललात.

ताकभात
ठरलं मंडळी. मंगळवार ६ ला निघणार, रात्री पॅलो ड्युरो. ७ ते १० फिएस्टाच्या मैदानात, म्हणजे गुरुवार, शुक्रवार, शनिवार अशा तीन सकाळी. १० ची रात्र हॉटेल. लॉटमध्ये जागा मिळाली, बसच्या थांब्यापासून जरा लांब आहे पण मिळाली. गाडीचे पट्टे फोन करून मोजून घेतले: सहा. नवऱ्याचा सराव मंदिराच्या पार्किंगमध्ये. साधा कुकर, चौकी, पांढरा रुमाल यादीत.

आता पितृपक्ष. १० तारखेला सर्वपित्री अमावास्या आहे. आईने दोन दिवस विचार केला. मग म्हणाली की आजोबांना फिरायची फार हौस होती, पण आयुष्यात नाशिक-मुंबई सोडून कुठे जायला मिळालं नाही. त्या दिवशी सकाळी ती आरव्हीत खीर आणि वडे करणार आणि पान बाहेर ठेवणार. फक्त एकच शंका आहे तिला, आणि ती मी तुम्हाला विचारायचं कबूल केलंय: तिथे कावळे असतात का?

वातकुक्कुट
काकूंना सांगा, साधे नाहीत, डोमकावळे आहेत, कोंबड्याएवढे. माझ्या हातातला अर्धा बरिटो नेलाय एकाने. वडे जरा जास्तच करा.